उघड्या पाठीचा हेडफोन

आजचा भाग मी ज्या हेडफोनवर एडिट केला, तोच हेडफोन घालून मला तो रेकॉर्ड करता आला नसता. कारण सोपं आहे. त्याच्या दोन्ही कपांना मागे जाळी आहे. कानात जे वाजतं ते त्या जाळीतून बाहेरही येतं आणि समोरच्या माइकमध्ये शिरतं. उलटं पण होतं. गल्लीतला भंगारवाला, शेजारच्यांचा कुकर, आतल्या खोलीतून आजीची हाक, सगळं त्या जाळीतून माझ्या कानात येतं. म्हणजे पैसे देऊन घेतलेली वस्तू बाहेरचा आवाज आत सोडते आणि आतला बाहेर सोडते. आमच्या बाबांनी ती हातात घेऊन विचारलं होतं, "अरे, हे बिघडलेलं आहे का?"

बिघडलेलं नाही. याला ओपन-बॅक म्हणतात, आणि आज मला याच प्रकाराचा इतिहास सांगायचा आहे. आधीच सांगतो, मी ऑडिओ इंजिनियर नाही. दिवसा मी कोड लिहितो, आणि हे सगळं कुतूहलापोटी वाचलेलं आहे. पण कुतूहल हवेतून आलेलं नाही. त्याचं कारण मधे कुठेतरी येईलच.

सुरुवात वजनापासून करू. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरसाठी एक साधन निघालं होतं. त्यात ऐकायचा भाग एका कानाशी यायचा, बोलायचा भाग तोंडासमोर यायचा आणि हे सगळं खोगिरासारखं खांद्यावर टेकलेलं असायचं. वजन चार-पाच किलो. म्हणजे आपली शाळेची दप्तरं खांद्यावर घेऊन दिवसभर "हॅलो" म्हणायचं. त्याच काळात, १८८१ साली, पॅरिसच्या वीज प्रदर्शनात क्लेमां आदेर यानं ऑपेराच्या रंगमंचावर ट्रान्समीटर लावून तिथलं गाणं तारेतून प्रदर्शनाच्या खोल्यांमध्ये आणलं. लोक रांगा लावून ऐकत होते, दोन हातात दोन रिसीव्हर, एकेक कानाला धरून. दोन कानांना दोन वेगळ्या जागांचा आवाज, म्हणजे स्टिरिओच झाला की तो. पण डोक्यावर काही नव्हतं. हात दुखले की गाणं संपलं.

डोक्यावर बसणारा, आज आपण ओळखू असा हेडफोन बनवला नॅथॅनियल बाल्डविन यानं. अमेरिकेतल्या युटा राज्यातला माणूस, आणि १९१० च्या सुमारास हे हेडफोन तो घरच्या स्वयंपाकघरात बनवत होता. त्यानं नमुना अमेरिकन नौदलाला पाठवला. नौदलाला बिनतारी संदेशांचा क्षीण आवाज नीट ऐकू येईल असं काहीतरी हवंच होतं, त्यांनी आणखी मागवले. हा म्हणाला एका वेळी दहाच देतो, स्वयंपाकघरात तेवढेच होतात. मला या गोष्टीतला पुढचा तुकडा जास्त आवडतो. नौदलाची तक्रार आली ती आवाजाबद्दल नाही, डोक्याला टोचतं याबद्दल. मग बाल्डविननं हेडबँड बदलला, चामड्यानं मढवलेल्या तारांचे दोन दांडे केले, जे कमी-जास्त करता येत. त्याचं पेटंट घ्या असं सुचवलं तर म्हणे हे फारच किरकोळ आहे. शंभराहून जास्त वर्षं झाली, जगभरातले हेडफोनवाले त्याच किरकोळ गोष्टीशी झगडताहेत.

पुढची पन्नासेक वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण त्यात आपल्या विषयाचं फार नाही. १९३७ साली बर्लिनमध्ये ऑयगेन बायर यांच्या कंपनीनं डीटी ४८ काढला, तो इतका टिकाऊ आणि मोजूनमापून बनवलेला होता की २०१० नंतरही विकला जात होता. १९५८ साली मिलवॉकीत जॉन कॉस या जॅझ वाजवणाऱ्या माणसानं, जो आधी हॉस्पिटलांना टीव्ही भाड्यानं देत असे, एका पोर्टेबल रेकॉर्ड प्लेअरबरोबर स्टिरिओ हेडफोन जोडून दाखवला. प्लेअर कुणाला फार नको होता, हेडफोन मात्र सगळ्यांना हवा होता. इथून घरी बसून हेडफोनवर गाणी ऐकणं हा प्रकार सुरू झाला.

आणि इथून एक समजूतही पक्की झाली. चांगला हेडफोन म्हणजे कान गच्च बंद करणारा. जितका बंद तितका भारी. कॉसच्या एका प्रसिद्ध मालिकेत कानाच्या गाद्यांमध्ये चक्क द्रव भरलेला असायचा, कानाभोवती जराही फट राहू नये म्हणून. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. या समजुतीमागे शास्त्र होतं बरं का, ती येडेपणाची नव्हती. हेडफोनमधला छोटा पडदा पुढे-मागे हलतो. पुढे हवा दाबतो तेव्हा मागे हवा विरळ करतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोबर उलटे असतात, आणि ते एकत्र आले तर एकमेकांना खातात, विशेषतः खालचे सूर, म्हणजे बेस. म्हणून मागची बाजू डबीत बंद करा, पुढची बाजू कानाशी सीलबंद करा, बेस शाबूत राहील. सरळ हिशोब.

हिशोबात एक गोष्ट सुटत होती. मागे बंद केलेला आवाज कुठे जातो? तो डबीच्या भिंतीवर आपटतो, परत येतो आणि त्या पातळ पडद्यातून थोडा थोडा कानातही येतो. मूळ आवाजाच्या पाठोपाठ, किंचित उशिरा. माठात तोंड घालून बोलून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. तो जो घुमारा आहे, त्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते की तो गेल्याशिवाय तो होता हे समजत नाही.

आता हॅनोवरजवळ वेन्नेबॉस्टेल नावाचं गाव. १९४५ च्या उन्हाळ्यात, युद्ध संपून काही आठवडेच झाले होते, तिथे फ्रिट्स झेनहायझर आणि हॅनोवरच्या विद्यापीठातले त्याचे काही सहकारी यांनी एक प्रयोगशाळा सुरू केली. नावही साधं, 'लॅब डब्ल्यू', गावाच्या आद्याक्षरावरून. पहिला माल म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र. नंतर माइक. १९५८ मध्ये कंपनीला झेनहायझर हे नाव मिळालं, आणि १९६८ मध्ये तिनं एचडी ४१४ नावाचा हेडफोन बाजारात आणला.

एचडी ४१४ चा फोटो बघितला तर हसू येतं. प्लॅस्टिकचा बारकासा पट्टा, दोन चपट्या भोकाभोकांच्या चकत्या आणि त्यांवर स्पंजच्या गोल गाद्या. पिवळ्या स्पंजचा तर आता इतका प्रसिद्ध झालाय की पिवळा म्हटलं की तोच. कान झाकत नाही, नुसता कानावर टेकतो. मागून उघडा, पुढूनही स्पंजच, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा खेळती. तोवरच्या सगळ्या शहाणपणाच्या विरुद्ध. आणि तरी आवाज ऐकल्यावर लोकांना वाटलं की गाणं डोक्याच्या आत कोंडलेलं नाहीये, जरा बाहेर आहे. इम्पीडन्स २००० ओहम, त्यामुळे त्या काळच्या रेडिओ-टेपरेकॉर्डरला जोडला तरी फारशी वीज ओढत नसे. स्पंज मळला तर काढून धुवायचा. एक कोटीहून जास्त विकले गेले असं सांगितलं जातं. १९९५ ला कंपनीच्या पन्नाशीनिमित्त तो परतही काढला होता.

इथे एक दुरुस्ती, नाहीतर जाणकार मंडळी मला सोडणार नाहीत. "जगातला पहिला ओपन-बॅक" असं एचडी ४१४ बद्दल सर्रास लिहिलं जातं. पण जपानच्या स्टॅक्सनं १९६० मध्येच एसआर-१ काढला होता, इलेक्ट्रोस्टॅटिक तंत्राचा, आणि तोही मागून उघडाच होता. फक्त त्याला वेगळा जाडजूड पुरवठा-डबा लागायचा, आणि किंमत आणि बडेजाव दोन्ही सामान्य माणसाच्या बाहेरचं. म्हणून नेमकं बोलायचं तर एचडी ४१४ हा नेहमीच्या डायनॅमिक तंत्रातला पहिला उघडा हेडफोन. माझ्या मते यानं त्याचं मोठेपण कमी होत नाही. लोकांच्या डोक्यावर प्रत्यक्ष कोण बसला, हेही इतिहासात मोजायला हवं.

बेसचं काय झालं? गेला. मघाचं शास्त्र खोटं नव्हतंच. एचडी ४१४ मध्ये खालचा बेस जवळजवळ नाही. नंतरच्या वीसेक वर्षांत सगळी खटपट तिथेच चालू होती, मोकळेपणा ठेवून बेस परत कसा आणायचा. व्हिएन्नाच्या एकेजीनं १९७५ मध्ये के २४० काढला, त्यात मुख्य ड्रायव्हरभोवती सहा छोटे निष्क्रिय पडदे बसवले होते, म्हणून त्याला 'सेक्स्टेट' म्हणतात. अर्धा उघडा, अर्धा बंद. हेडबँड आपोआप डोक्याच्या मापाचा होणारा. आजही कुठल्याही स्टुडिओच्या फोटोत त्याचा वंशज कुणाच्या तरी गळ्यात दिसेल. यामाहानं १९७६ मध्ये अगदी पातळ सपाट पडद्याचा एचपी-१ आणला. १९८९ च्या आसपास एकेजीनंच के १००० नावाचं एक भन्नाट प्रकरण केलं, ज्यात कप नव्हतेच, दोन छोटे स्पीकर कानाच्या बाजूला दाराच्या झडपांसारखे लटकलेले. उघडेपणाचं याहून पुढचं टोक नाही.

पण सगळ्यात जास्त लोकांनी उघडा हेडफोन घातला तो कुठला, माहितीये? वॉकमनचा. १ जुलै १९७९ ला सोनीचा पहिला वॉकमन आला, त्याबरोबरचा तो स्पंजवाला हेडफोन सुमारे ५० ग्रॅमचा. तोवर नेहमीचे हेडफोन याच्या सहा-आठ पट जड होते. ते घालून रस्त्यावरून कोण चाललं असतं? म्हणजे वॉकमनच्या यशात कॅसेटच्या यंत्राइतकाच वाटा त्या हलक्या उघड्या हेडफोनचा आहे, आणि त्याला श्रेय फार कमी मिळतं. आणखी एक गंमत. अकिओ मोरिता यांनी आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय की नमुना घरी नेऊन ऐकत बसले, तर बायको वैतागली, कारण ती त्यातून बाहेर पडली होती. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोनची दोन भोकं दिली, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं बारीक होतं आणि माइकमधून शेजारच्याशी बोलता येतं. पुढच्या मॉडेलांमधून ते बटण गेलं. लोकांना नको होतं म्हणे.

मला हे वाचताना ते बटण हवं होतं, आणि आता ते कारण सांगतो.

२०२१ चा पावसाळा. सगळं ऑफिस घरून. आई-बाबा चार दिवस गावी गेलेले, घरात मी आणि आजी. मी नुकताच घेतलेला बंद, आवाज मारणारा हेडफोन घालून मीटिंगमध्ये होतो. भारीच होता, पंखासुद्धा ऐकू यायचा नाही. मीटिंग संपली, मग मी गाणं लावून कोड लिहीत बसलो. पाणी प्यायला उठलो तेव्हा बाथरूमच्या दारातून आजीचा आवाज आला. ती घसरून पडली होती. मनगट मोडलं होतं. किती वेळ हाका मारत होती विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे रे, झाला थोडा वेळ." नंतर घड्याळाशी ताडून बघितलं, पंचवीस मिनिटं तरी. प्लास्टर घालून घरी आलो तेव्हा टेबलावरच्या हेडफोनकडे बघून ती एवढंच म्हणाली, "कानाला झाकणं लावलीयस बाळा तू."

रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मी "बाहेरचं ऐकू येईल असा हेडफोन" शोधायला लागलो आणि या इतिहासात शिरलो. इंदूरच्या एका मित्राकडे या वस्तूंचा संसारच आहे. त्यानं दोन महिन्यांसाठी तीन दिले: झेनहायझरचा एचडी ६००, बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, एकेजीचा के ७०१. तिघेही ओपन-बॅक, तिघेही जुन्या घराण्यांचे. एचडी ६०० हा १९९७ चा, डीटी ९९० चं मूळ १९८५ चं, के ७०१ साधारण २००५ चा. तिघांवर मी तेच तेच ऐकलं: किशोरीताईंचा भूप, भीमसेनजींचा एक लाइव्ह दरबारी, आणि माझ्याच पॉडकास्टचं कच्चं रेकॉर्डिंग.

तानपुरा ही ओपन-बॅकची खरी परीक्षा, असं माझं ठाम मत झालंय. तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे घोडीवर जी जवारी लागते, तिच्यात वरच्या सुरांचं अख्खं मोहोळ असतं, आणि ते हळूहळू विरत जातं. बंद हेडफोनमध्ये ते विरणं डबीच्या घुमाऱ्यात मिसळून जातं. उघड्यात शेवटपर्यंत ऐकू येतं. के ७०१ वर तर तानपुरे खोलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवल्यासारखे वाटले, इतकी रुंदी. पण तबल्याच्या डग्ग्यात जीव नव्हता, घुमक पोचतच नव्हती. शिवाय त्याच्या हेडबँडला आतून उंचवटे आहेत, तासाभरात डोक्यावर खुणा उमटल्या. डीटी ९९० घालायला सगळ्यात सुखाचा, मखमली गाद्या, जवळजवळ २५० ग्रॅम, विसरून जावा असा. बेसही आहे. पण वरचे सूर जरा जास्तच टोकदार. आपल्या मराठीत 'श', 'स' आणि 'च' ठासून भरलेत, ते सगळे कानात टोचतात. मला वाटलं माझ्याच आवाजात दोष आहे, म्हणून एडिट करताना मी ते कापत सुटलो. आमचे पहिले काही भाग ऐका, मी बोबडा बोलतोय असं वाटेल. तो आवाजाचा नाही, हेडफोनचा दोष.

एचडी ६०० सगळ्यात कमी दिखाऊ. रुंदी बेताची, अगदी खालचा बेस कमी, नवा असेल तर डोकं चिमट्यात धरल्यासारखा दाबतो. पण माणसाचा आवाज माणसासारखा येतो. भीमसेनजींचा श्वास घेण्याचा आवाज आणि पहिला 'आ' यांच्यामधली जागा कळते. शेवटी मी तोच जुना विकत घेतला. त्याची गादी, केबल, जाळी, सगळं सुटं मिळतं. पुण्याच्या पावसाळ्यात रेक्झिनच्या गाद्यांचे दोन वर्षांत पापुद्रे निघालेले मी पाहिलेत, त्यामुळे कापडी गादी आणि सुटे भाग ही माझ्यासाठी चैन नाही, गरज आहे. आणि चष्मा. बंद हेडफोनची गादी चष्म्याच्या काडीवर उचलली जाते, फट पडते, सील जातं आणि बेस कुठल्या कुठे. उघड्याचा सारा भरवसा सीलवर नसतो, त्यामुळे निदान माझ्या चष्म्यानं फार बिघडत नाही.

मधे एक उल्लेख राहिला. १९८० च्या दशकात म्युनिकच्या प्रसारण-तंत्र संस्थेत ग्युंटर थायले यांनी असं मांडलं की हेडफोनचा आवाज सपाट असून चालत नाही. चारी बाजूंनी आवाज येणाऱ्या खोलीत कानाच्या तोंडाशी जसं ऐकू येईल, तसा तो घडवायला हवा. आधी बाह्यकर्ण, डोकं, खांदे आवाजाला जो आकार देतात, तो हेडफोननं द्यायचा. तीनही हेडफोनमधल्या फरकाची मुळं शेवटी इथेच पोचतात, कानाचा तो आकार कुणी किती आणि कसा धरला यात. २०१० नंतर हर्मनच्या शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी माणसांना आंधळेपणानं ऐकवून, म्हणजे कुठला हेडफोन ते न सांगता, लोकांना काय आवडतं ते मोजलं. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर ठेवल्यावर येतो तसा आवाज बहुतेकांना आवडला. म्हणजे लोकांना हेडफोनमध्ये खोलीच हवी होती.

गेल्या वर्षी आजीला श्रवणयंत्र घेतलं. पहिल्या दिवशीच तिनं काढून ठेवलं. म्हणाली, "माझाच आवाज घागरीत बोलल्यासारखा येतोय." मी ऑडिओलॉजिस्टबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, हो, कान पूर्ण बुजला की आपलाच आवाज आत कोंडतो. साच्याला असलेलं भोक थोडं मोठं करून देते. त्याला व्हेंट म्हणतात. दोन दिवसांत यंत्र परत आलं, आत एक बारीकशी नळी होती, काडीपेटीतल्या काडीएवढी.

आता ती ते घालते. मी एचडी ६०० घालून एडिट करत बसलो की ती आतून हाक मारते, आणि पहिल्याच हाकेला मला ऐकू येतं. बहुतेक वेळा चष्मा सापडत नसतो.